काठावर पास

आमच्या ऑफिसात साहेबांचा दिवस कसा चाललाय हे कळायला त्यांच्या तोंडाकडं बघायची गरज नव्हती, चहाचा ट्रे बघितला की पुरे. आमचे शिपाई याकूबचाचा एका कपावर बशी पालथी घालून आले की समजायचं, हा कप बिनसाखरेचा. म्हणजे साहेब आज नापास झाले. चाचा जाता जाता माझ्या टेबलाशी वाकायचे आणि कुजबुजायचे, "साब आज फिर फेल हो गए जी. क्या किये की!" मग आम्ही दोघं मान खाली घालून हसायचो.

साहेबांना गोड म्हणजे जीव की प्राण. चहात साखर घालून वर बशीत सांडलेली बोटानं टिपून खाणारा माणूस. तो बिनसाखरेचा चहा पिताना असं तोंड करायचा, की एरंडेल पाजलंय असं वाटावं. ही शिक्षा त्यांना कुणी दिली नव्हती, त्यांची त्यांनीच लावून घेतलेली. परीक्षा त्यांची, शिक्षाही त्यांचीच. विषय मात्र आम्ही होतो, आणि ह्याचा मला सुरुवातीला फार राग यायचा.

ऑफिस म्हणजे बेंबळीच्या बाजूचं दूध थंड करायचं केंद्र. आजूबाजूच्या गावांतल्या दूध सोसायट्यांचे कॅन सकाळी गाडीनं आमच्याकडं यायचे. दूध तपासायचं, चांगलं असलं तर टाकीत घ्यायचं, नासकं असलं तर कॅन परत. हे तपासायचं काम माझं. मी मॅट्रिक पास, आमच्या बौद्ध वस्तीतली नोकरीला लागलेली पहिली मुलगी, आणि केंद्रातली एकटी बाई. साहेब केंद्राचे मॅनेजर.

साहेब उमरग्याकडचे, घरची शेतीवाडी असलेले लिंगायत. घरात कानडी-मराठीची खिचडी. एखादी गोष्ट डोक्यात शिरली की स्वतःशीच मान हलवत "हौदु, हौदु" करायचे, म्हणजे त्यांच्या कानडीत "होय, होय". भर मे महिन्यात गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट आणि त्याच्या खिशात फुटाणे. सायकलला ब्रेक नव्हते, पाय घासून थांबवायचे, त्यामुळं उजवी चप्पल कायम झिजलेली आणि डावी कोरी करकरीत. ब्रेक का बसवत नाही विचारलं तर म्हणायचे, "ब्रेक असले की माणूस वाटेत फार ठिकाणी थांबतो." आता ह्याला काय म्हणावं!

सगळं सुरू झालं ते पाण्याच्या माठापासून. ऑफिसच्या कोपऱ्यात माठ होता, त्यावर पितळी ग्लास. हेडक्लार्क, ड्रायव्हर, मेकॅनिक, सगळे त्या ग्लासानं प्यायचे. चाचांचा ग्लास वेगळा, भिंतीवर खिळ्याला टांगलेला. मला तहान लागली की चाचांनी वरून पाणी सोडायचं आणि मी ओंजळ धरायची. तसं हेडक्लार्कनी पहिल्याच दिवशी चाचांना बजावून ठेवलं होतं. एकदा साहेब केबिनमधून बाहेर आले आणि माझ्याकडं बघत उभे राहिले.

"काय गं पोरी, तुला ओंजळीनं प्यायला आवडतं काय? गार लागत असेल, नाही?"

अगदी मनापासून विचारलं हो! चेष्टा नाही, टोमणा नाही. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "मला ग्लास कधी कुणी दिलाच नाही साहेब. काय आवडतं ते मला कसं कळणार?"

हेडक्लार्क टाइपरायटरमध्ये तोंड खुपसून बसले. साहेब दोनदा "हौदु" म्हणाले आणि केबिनमध्ये गेले. मला वाटलं, गेली आपली नोकरी. थोड्या वेळानं आतून हाक आली, "याकूब, चहा आण. साखर घालू नको." तो पहिला बिनसाखरेचा चहा.

दुसऱ्या दिवशी माठावर सगळ्यांसाठी सारखे स्टीलचे ग्लास आले. हेडक्लार्क घरून स्वतःचा तांब्या आणू लागले. साहेब त्यांना काही बोलले नाहीत. फक्त तहान लागली की हेडक्लार्कच्या टेबलाशी जायचे, "जरा द्या हो" म्हणून तो तांब्या उचलायचे आणि तोंड लावून घटाघटा प्यायचे. काही दिवसांतच तांब्या घरी गेला तो परत आला नाही.

त्यानंतर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर उभं केलं नाही, खुर्ची दिली. म्हणाले, "हे बघा, शाळेत मला हे कुणी शिकवलं नाही. घरात जे शिकवलं ते उलटं शिकवलं. आता माझं मलाच शिकावं लागणार. मी कुठं चुकलो की तुम्ही सांगायचं."

म्हणजे मास्तरीण मी! माझं काम दूध तपासायचं. साहेबांना तपासायचं काम माझ्या ऑर्डरीत कुठं लिहिलं होतं? पण साहेब ऐकतात थोडेच. दिवसभर येता-जाता विचारणं सुरू. "आत्ता बोललो ते चुकलं का?" "ह्या शब्दाचं तुम्हाला वाईट वाटतं का?" एकदा मी वैतागून म्हटलं, "साहेब, मला कामाच्या वेळी हे विचारलेलं आवडत नाही." तर त्याच्यावरही बिनसाखरेचा चहा झाला.

मध्येच त्यांच्या लक्षात आलं की आपण हेडक्लार्कला "राव" म्हणतो आणि चाचांना "ए याकूब". झालं, त्या दिवसापासून सगळ्यांना अहो-जाहो. चाचांचा नातू डबा घेऊन आला तर त्यालाही "या, बसा." ते पोर घाबरून चाचांच्या पायामागं लपलं. मग कुणीतरी त्यांना सांगितलं की आमच्यात भेटल्यावर जयभीम म्हणतात. हे कळल्यावर तर विचारूच नका. बेंबळीच्या बाजारात मी मेथीची जुडी बघत होते आणि लांबून, सायकलवरून, सगळा बाजार वळून बघेल अशा आवाजात, "जयभीम, मॅडम!" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. माय बरोबर होती. ती शांतपणे म्हणाली, "जयभीम साहेब. पन हळू म्हना, आमाला ऐकू येतंय."

ही आमची माय. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण जीभ अशी की भल्याभल्यांनी कानाला खडा लावावा. बहात्तरचा दुष्काळ तिनं रस्त्याच्या कामावर खडी फोडून काढला होता, त्याचे वण हातावर तसेच होते. माझ्या मॅट्रिकच्या परीक्षेला ती रोज बेंबळीला शाळेच्या फाटकाबाहेर लिंबाखाली बसून राहायची. एका पेपराला मी रडत लवकर बाहेर आले, तर तिनं मला खसकन धरून परत आत पाठवलं होतं, "घंटा झाली न्हाय अजून, जा, लिव." त्या पेपरात मी पास झाले ते तिच्या त्या धक्क्यामुळं.

मग एका वर्षी पावसानं पुन्हा दगा दिला. विहिरी आटल्या, कडबा मिळेना. पण ह्या खेपेला वस्तीतल्या पाच-सहा घरांत म्हशी होत्या. दूध सोसायटीला घालायचं आणि घर चालवायचं, एवढाच आधार. स्वतःचं पोट मारून मायनं म्हैस जगवली होती. आणि केंद्रावर नेमका आमच्याच वस्तीचा कॅन नासका निघायचा. तपासायला मी. नळीत थोडं दूध घ्यायचं, तापवायचं, फाटून कणी दिसली की परत. आपल्या मायचं दूध आपल्याच हातानं परत पाठवायचं! जीव तुटायचा, पण कणी दिसली ती दिसली, खोटं कसं सांगणार?

दूध संघाचा नियम असा, की एखाद्याचं दूध सारखं नासकं यायला लागलं की त्याचं दूध घेणं बंद. तसा इशारा आमच्या वस्तीला आला. दूध बंद म्हणजे म्हशी बाजारात, आणि माय पुन्हा खडीवर. तिचं वय आता खडी फोडायचं राहिलं नव्हतं.

दूध का नासतं हे मला माहीत होतं. मी हेडक्लार्कना सांगितलंही होतं. त्यांनी ते ऐकलं आणि वर कळवताना लिहिलं, "भांडी अस्वच्छ." साहेबांनी ते वाचलं आणि मला एका शब्दानं न विचारता रविवारी सकाळी सायकल काढून आमच्या वस्तीत हजर! हा साहेबांचा स्वभावच. ज्याची खात्री नसायची ते दहादा विचारायचे, आणि ज्याची खात्री असायची तिथंच शेण खायचे.

आले, आमच्या दारात बाजेवर बसले, मुद्दाम सगळ्यांदेखत आमच्या घरचं पाणी मागून प्याले. मग बायकांना गोळा केलं, कोटाच्या खिशातून धुण्याच्या सोड्याची पुडी काढली आणि दुधाची भांडी कशी धुवावीत ह्यावर भाषण. नुसतं भाषण नाही, प्रात्यक्षिक. मायची चरवी घेतली, आमची भरलेली घागर उचलली आणि एकदा विसळून, दोनदा विसळून, तिसऱ्यांदा खळखळून, सगळी घागर अंगणात ओतली. मी आतून बघत होते. ती घागर मायनं पहाटे तळ्याच्या पोटात झरा उकरून वाटी-वाटीनं भरून आणली होती.

माय पुढं आली.

"झालं शिकवून?"

"झालं की. समजलं ना, मावशी?"

"समजलं. आता सांजच्याला आमटी कशात करू ते बी शिकवा."

साहेबांनी रिकाम्या घागरीत बघितलं. अंगणातल्या ओल्या मातीकडं बघितलं. ते पाणी कोंबड्या टिपत होत्या. साहेबांचं तोंड एवढंसं झालं.

"आता ही दुसरी चरवी हुंगा," माय म्हणाली. "हुंगा की! राखंनं घासलीया आन उन्हात वाळवलीया. वास येतोय का?"

"नाही."

"मग दूध का नासतं?"

"का?"

"उद्याच्याला आमच्यासंगं रांगंत उभं ऱ्हावा. म्हंजी कळंल."

दुसऱ्या दिवशी साहेब उजाडायच्या आत आले. दुधाच्या गाडीतून पाण्याच्या दोन घागरी घेऊन आले होते, आणि निम्मं पाणी त्यांच्याच कोटावर सांडलेलं. गावच्या सोसायटीच्या रांगेत वस्तीतल्या बायकांबरोबर उभे राहिले. तिथं जे रोज घडायचं ते त्यांनी त्या दिवशी बघितलं.

आमच्या बायका भल्या पहाटे येऊन सोसायटीच्या भिंतीला उन्हाच्या बाजूला बसायच्या. गावातल्या बायका निवांत यायच्या आणि थेट ओट्यावर चढायच्या. त्यांचं दूध माप करून आत सावलीत, ओलं पोतं गुंडाळलेल्या कॅनमध्ये. गावातलं शेवटचं घर झालं की मग आमची पाळी. आमचं दूध वेगळ्या कॅनमध्ये, आणि तो कॅन बाहेर, उन्हात, पोत्याबिगर. कुणी आम्हाला शिवी दिली नाही, कुणी हाकललं नाही. सगळं कसं शांतपणे चाललेलं. मापाडी तर हसून बोलायचासुद्धा. तोवर ऊन डोक्यावर यायचं आणि चरवीतलं दूध कोमट व्हायचं. गाडीत बसेपर्यंत त्याचं जे व्हायचं ते व्हायचं.

साहेब केंद्रावर आले ते थेट केबिनमध्ये गेले. चाचा बशी झाकलेला कप घेऊन आत गेले. कितीतरी दिवस रोज बशी झाकूनच कप जात होता.

नंतर साहेबांना कल्पना सुचली. धावतच वस्तीत गेले. "मावशी, मी वरून मंजुरी आणतो. तुमच्या वस्तीसाठी वेगळं संकलन केंद्र! तुमचं माप, तुमचा कॅन, गाडी आधी तुमच्याकडं!" त्यांना वाटलं, माय खूश होणार. माय बाजरी निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"येगळा पानवठा झाला. येगळं मसणवट झालं. आता येगळी डेरी करता व्हय? मला त्याच कॅनात दूध घालायचंय साहेब, त्याच सावलीत. माझ्या म्हशीचं दूध काय येगळ्या रंगाचं हाय?"

पुन्हा नापास.

मग साहेब सोसायटीच्या चेअरमनकडं गेले. मी बरोबर होते, साहेबांनीच नेलं होतं. चेअरमन म्हणजे गावचे पाटील, बोलायला एकदम सुपारीसारखे गुळगुळीत. साहेब तावातावानं समजावू लागले, की केंद्रावर सगळ्यांचं दूध शेवटी एकाच टाकीत पडतं, मग इथं वेगळा कॅन कशाला?

चेअरमन हसले. "ठाऊक हाय की साहेब. तुमच्या चहात बी तेच दूध, माझ्या बी चहात तेच. दुधाचं काय न्हाय. मान्सं कुठं उभी ऱ्हायची, त्याचं हाय. आज रांग मोडली तर उद्या गावात काय काय मोडंल? आन लोकांनी मनावर घेतलं तर दूध खव्याच्या भट्टीला घालतील. सोसायटी बंद पडंल. मग वस्तीचं दूध घेनार कोन? भट्टीवाला तर घेनार न्हाय."

इतकं सरळ आजवर कुणी बोललं नव्हतं. आणि खरं सांगते, ते खोटंही नव्हतं. परत येताना साहेब सायकल हातात धरून चालत होते. म्हणाले, "मी समजत होतो ह्या लोकांना माहीत नाही, आपण सांगितलं की कळेल. त्यांना सगळं माहीत आहे हो! न कळणारा मी एकटाच होतो."

त्यांचा तो पडलेला चेहरा बघून माझा राग पहिल्यांदा थोडा उतरला.

असेच काही दिवस गेले आणि मापाडी मुलीच्या लग्नाला म्हणून गावाला गेला. मापाडी रजेवर गेला की केंद्रातला माणूस बदली पाठवायचा, ही जुनीच पद्धत. साहेबांनी मला बोलावलं. हेच साहेब पूर्वी असते तर म्हणाले असते, जा. किंवा भाषण ठोकलं असतं. ह्या वेळी खुर्चीत चुळबुळत राहिले. "बदली पाठवायचीय. कायद्यानं कुणीही जाऊ शकतं. तुम्ही जाल का? नाही म्हणालात तरी चालेल. मला कारण सांगायचीही गरज नाही."

मी नाही म्हटलं. माप माझ्या हातात म्हणजे गावातली प्रत्येक बाई माझ्यासमोर येऊन, माझ्या हातातल्या भांड्यात दूध ओतणार? त्या गावात मी पाटलांच्या वाटेनं चप्पल हातात घेऊन चाललेली पोरगी.

घरी येऊन मायला सांगितलं. वाटलं, म्हणेल, बरं केलंस. ती म्हणाली, "भ्यालीस व्हय?"

"व्हय."

"म्या तर तिथं रोज उभी ऱ्हाते."

बस्स, एवढंच. मी साहेबांना जाऊन सांगितलं की मी जाते. साहेबांना एवढं उचंबळून आलं, की खिशातले सगळे फुटाणे माझ्या टेबलावर ओतले. मी येतो तुमच्या पाठीशी, सगळ्यांना दोन शब्द सांगतो, असं त्यांचं सुरू झालं. हे मायच्या कानावर गेलं. तिनं निरोप धाडला, "यायचं आसंल तर या. पन तोंड उघडायचं न्हाय. एक शबुद न्हाय."

त्या सकाळी मी ओट्यावर माप घेऊन उभी राहिले. ओली पोती गुंडाळलेले कॅन आत ओळीनं मांडले. वस्तीचा वेगळा कॅन मांडलाच नाही. मग मोठ्यानं म्हटलं, "जो आधी आला त्याचं आधी."

माय रांगेत दुसरी होती. तिच्या पुढं वरच्या आळीच्या गोदाआत्या. एकट्या राहायच्या, म्हातारपणामुळं झोप नाही, म्हणून कायम पहाटेच यायच्या. बाकी गावातल्या बायका येत गेल्या, माझ्या हातातलं माप बघितलं आणि ओट्याखाली लांब उभ्या राहिल्या. कुणी पुढं येईना. चेअरमन लिंबाखाली उभे, मिशीवर हात. साहेब रांगेत सगळ्यांच्या शेवटी उभे होते, वस्तीतल्या गुडघे धरलेल्या एका म्हाताऱ्याची चरवी हातात घेऊन. ओठ घट्ट मिटलेले. त्या माणसाला बोलू न देणं म्हणजे काय शिक्षा, ते मीच जाणे. गाल फुगत होते, मान आपोआप हलत होती, पण तोंड उघडलं नाही.

ऊन भिंतीवरून खाली उतरलं. वस्तीच्या चरव्या उन्हात होत्याच, आता गावाच्याही आल्या. सगळ्यांचं दूध सारखंच तापू लागलं. लांबून गाडीचा हॉर्न ऐकू आला. मला वाटलं, संपलं. सगळं गाव भट्टीला जाणार, सोसायटी जाणार आणि नाव माझं होणार. डोळ्यांत पाणी आलं, पण मापावरचा हात मी काढला नाही.

तेवढ्यात गोदाआत्या चेअरमनकडं वळल्या. "तू काय मिशा पिळत उभा ऱ्हायलास रं? माझं दूध नासलं तर तुझी म्हस पिळून देनार का मला?" आणि माझ्याकडं बघून, "धर गं माप. ऊन बघ किती झालंय!"

आणि त्यांनी दूध ओतलं. धार मापात पडली तो आवाज मला अजून ऐकू येतो.

मग माय पुढं झाली. ओट्याखालून कुणीतरी म्हणालं, "ए, थांब तू." गोदाआत्या चरवी पदरानं पुसत मागं न बघताच म्हणाल्या, "का थांबंल? माझ्या मागंच हुती ती. म्या बघितलंय." मायनं दूध ओतलं. त्याच कॅनात, आत्याच्या दुधावर. मी लेबल लावलं नाही, काही नाही. नुसतं म्हटलं, "पुढचं."

काही बायका निघून गेल्या. काही घरांचं दूध काही दिवस खरंच भट्टीला गेलं. पण खवेवाला दुष्काळात भाव पाडायचा आणि वेळेवर गाडीही नसायची, त्यामुळं एकेक करत परत आले. चेअरमनच्या घरचा गडीही एक दिवस रांगेत दिसला. वरून हुकूम काही निघाला नाही. सगळं गाव काही एका दिवसात सुधारलं नाही, अजूनही कुठं सुधारलंय! पण ती रांग मात्र त्यानंतर जुन्या जागी गेली नाही. आणि त्या दिवशी ते सगळ्यांचं एकत्र दूध केंद्रावर तापवून बघितलं तेव्हा नळीत एकही कणी नव्हती. चाचांना बोलावून दाखवलं मी. चाचा म्हणाले, "माशाल्ला!" आणि हात कपाळाशी नेऊन सलाम केला.

पण त्याच्या आधी, गाडी भरून पुढच्या गावांकडं गेल्यावर साहेब आमच्या घरी आले होते. मायनं त्या दिवशी पहिल्यांदा घरात चहापुरतं दूध ठेवून घेतलं होतं, नाहीतर आम्ही कोराच प्यायचो. तिनं चहा टाकला.

"मावशी, मला बिनसाखरेचा."

मला हसू आलं. "आज? आज कशाला साहेब?"

साहेबांनी चपलेच्या झिजलेल्या टाचेकडं बघितलं. "रांगेत उभा होतो ना, तेव्हा मनात आलं, आज मला कुणीतरी हार घातला पाहिजे. उभ्या होत्या तुम्ही सगळ्या, आणि हार मला! नापास झालो."

माय एवढी हसली की चुलीपुढं खोकला लागला तिला. "साखर कुठाय आमच्यात? गुळाचा हाय. प्या गपगुमान." कप पुढं सरकवून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आन काय हो साहेब, इतके दिस तुमचं तुमीच मार्क घेता. पेपर आमचा आन मार्क तुमी देनार? ह्ये कुठल्या शाळंत असतं?"

साहेबांनी कप खाली ठेवला. खरंच, हे त्यांच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही आलं नव्हतं.

"मग तुम्ही द्या, मावशी."

मायनं माझ्याकडं बघितलं. "किती आसले की पास गं?"

"पस्तीस."

"मग पस्तीस. काठावर पास. तोंड मिटून उभं ऱ्हायले त्याचे."

तुम्हाला सांगते, त्यांचा मुलगा इंजिनिअर झाला तेव्हा साहेबांना एवढा आनंद झाला नसेल. डोळे भरून आले त्यांचे. तो गुळाचा चहा बशीत ओतून भुर्रर्र करून प्याले, आणखी मागून घेतला. नंतर केंद्रावर येणाऱ्या प्रत्येक साहेबाला, पुढाऱ्याला, दुधाच्या गाडीच्या क्लीनरला सांगायचे, "मला पस्तीस मिळालेत. काठावर, पण पास." कशात ते विचारलं की माझ्याकडं बोट दाखवायचे. बिनसाखरेचा चहा मात्र बंद झाला. चूक वाटली की चहाला शिक्षा करायचे नाहीत, समोरच्या माणसाला जाऊन विचारायचे, "इथं किती कापले?" लोक सांगायचे. पुष्कळ कापायचे.

पुढं साहेब रिटायर झाले, उमरग्याला गेले. मी त्याच केंद्रावर वर चढत गेले. एकदा दिवाळीच्या सुमारास एस. टी.नं आले, काठी टेकत, कोट तोच, खिशात फुटाणे. चपला मात्र आता दोन्ही सारख्याच झिजलेल्या, सायकल सुटली होती ना. माय थकली होती, बाजेवर पडून असायची. त्यांना बघून उठून बसली, मला गुळाचा चहा टाकायला लावला.

चहा पिऊन झाल्यावर साहेब शाळेतल्या पोरासारखे बाजेजवळ सरकले. "मावशी, खरं सांगा. एवढी वर्षं झाली. पस्तीसचे थोडे वाढले का हो?"

मायनं त्यांच्याकडं नीट बघितलं. मग त्यांच्या हातातला रिकामा कप काढून घेतला आणि त्यांच्या पाठीवर थाप मारली.

"घाई कशाची? लिवा अजून. घंटा झाली न्हाय."